हजार मीटरची पाटी

गजाननराव सोनटक्क्यांसमोर कोणी ‘अंदाजे’ म्हटलं की संपलंच. "अंदाजे म्हणजे किती?" असं ते लगेच विचारायचे, आणि समोरच्याने तोंडाला येईल तो आकडा फेकला की त्यांच्या खिशातून तीन मीटरची छोटी टेप बाहेर यायची. हो, खिशातून. लोक रुमाल ठेवतात, हे टेप ठेवायचे. भोपाळच्या अवधपुरीतल्या त्यांच्या कॉलनीत कोणाचा फ्रीज दारातून आत जाईल का, गणपतीचा मांडव गल्लीत मावेल का, नव्या पलंगाने खिडकी अडेल का, सगळे प्रश्न ‘सोनटक्के साब’कडे. साब एकदा बोलले की पुन्हा मोजायचं कारण नाही.

वडील छप्पन साली राजधानी हलली तेव्हा नागपूरहून सरकारी दफ्तराच्या पेट्यांबरोबर भोपाळला आले आणि इथलेच झाले. गजाननराव इथे जन्मले, इथेच डिप्लोमा केला, आणि बांधकामाच्या एका सरकारी खात्यात उपयंत्री, म्हणजे कनिष्ठ इंजिनियर, म्हणून चिकटले ते थेट निवृत्तीपर्यंत. छत्तीस वर्षं नाल्या, पुलिया, शाळांच्या भिंती आणि बगिचे मोजले. जे बांधलं जाईल ते मोजायचं, माप-पुस्तकात लिहायचं आणि खाली सही करायची, हे त्यांचं काम. निरोपाच्या भाषणात ते म्हणाले, "छत्तीस वर्षांत कोणाच्या चहाचासुद्धा मिंधा झालो नाही." टाळ्या पडल्या. खोटं नव्हतं ते, खरंच नव्हते झाले मिंधे. सह्यांबद्दल मात्र ते काही बोलले नाहीत, आणि हारतुऱ्यांच्या वेळी तसलं कोणी विचारतही नाही.

बायको प्रमिला उज्जैनची. शाळेत खो-खो खेळायची आणि अशी पळायची म्हणे की समोरच्या संघातल्या पोरी आधीच तोंड पाडून बसायच्या. राज्याच्या संघात नाव लागलं, जबलपूरला जायचं होतं, पण वडिलांनी परवानगी दिली नाही. पुढे बी.एड. सुरू केलं आणि सासूला अर्धांगाचा झटका आला. सासू गेल्यावर एका शाळेत नोकरी धरली तर गजाननरावांची बैतूलला बदली झाली. हे सगळं ती कधी रडगाणं लावून सांगायची नाही. भाजीच्या यादीसारखं सांगायची, हे राहिलं, ते राहिलं, तेही राहून गेलं. ऐकणाऱ्यालाच कसंतरी व्हायचं.

मुलगी रसिका नोकरीला हैदराबादला गेली आणि घर रिकामं झालं. तेव्हापासून प्रमिलाबाई सकाळी कॉलनीच्या बागेत फिरायला जाऊ लागल्या. फिरता फिरता एक दिवस पळाल्या. पन्नाशी ओलांडलेली बाई, सलवार-कुर्ता, पायात मुलीचे जुने बूट, आणि पळतेय! बाकावरच्या म्हाताऱ्यांनी माना वळवून वळवून बघितलं. बाईंनी ढुंकूनही पाहिलं नाही. दोन वर्षांत त्या दहा-दहा फेऱ्या पळायला लागल्या. मग एका सकाळी वर्तमानपत्रात भोपाळच्या मॅरेथॉनची जाहिरात आली आणि चहाचा कप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "मी बेचाळीस किलोमीटर धावणार आहे."

गजाननराव हसले. "अगं, बेचाळीस म्हणजे इथून पार मंडीदीपला जाऊन परत यायचं."

"माहीत आहे. हसू नका. अहो, आयुष्यात एक तरी गोष्ट मला शेवटपर्यंत नेऊन बघायची आहे. एकच. मग तुम्ही म्हणाल तर घरी बसेन."

हे ती इतक्या साधेपणाने बोलली की गजाननरावांचं हसू तोंडातच राहिलं.

आता त्या बागेबद्दल सांगायला हवं, कारण सगळी गोम तिथेच आहे. बाग काही मोठी नाही. कडेने फरशांची वाट, मध्ये हिरवळ, दोन झोके, आणि फाटकाशी दगडात कोरलेली पाटी: ‘भ्रमण पथ, लंबाई १००० मीटर’. त्या पाटीवर अख्खी कॉलनी खूश. इथल्या मधुमेहवाल्यांना विचारा, "रोज पाँच किलोमीटर चलता हूँ," असं छाती काढून डॉक्टरला सांगून येतात. का नाही सांगणार? पाच फेऱ्या म्हणजे पाच किलोमीटर. दगडात कोरलेलं आहे.

प्रमिलाबाईंची मोजायची पद्धत माहेरची. उज्जैनला त्यांची आई चातुर्मासात पिंपळाला प्रदक्षिणा घालायची, कमरेला चिंचोक्यांची पिशवी बांधून. एक प्रदक्षिणा झाली की एक चिंचोका या पिशवीतून त्या पिशवीत. बाईंनी तेच उचललं. कुर्त्याच्या डाव्या खिशात मोजून चिंचोके भरायचे, फाटकाशी आलं की एक उजव्या खिशात. डावा खिसा रिकामा झाला की घरी. फोन बरोबर नेत नसत. "धावताना कानाशी टिणटिण नको," म्हणायच्या. एक फेरी सव्वाआठ मिनिटांत व्हायची. त्या हिशेबाने बेचाळीस किलोमीटर पावणेसहा तासांत. शर्यतीची मुदत साडेसहा तासांची. मध्ये बत्तीस किलोमीटरच्या खांबाशी एक अडसर होता, तिथे पाच तासांच्या आत पोचायचं, नाहीतर मागून येणारी बस उचलून घेणार. पण बाईंना त्याची काय भीती? डिसेंबरच्या पहिल्या रविवारी त्या बागेत बत्तीस चिंचोके धावल्या, साडेचार तासांच्या आत. घरी येऊन गजाननरावांच्या पायाशी बसल्या आणि लहान मुलीसारख्या म्हणाल्या, "झालं! आता उरलं काय, दहा!"

गजाननरावांनी त्यांना पाणी दिलं. बाई घाम पुसत होत्या तेवढ्यात ते आणखी पाणी आणायच्या निमित्ताने आत निघून गेले.

कारण गजाननरावांना ठाऊक होतं की त्या वाटेची लांबी हजार मीटर नाही. सातशे चौऱ्याऐंशी आहे. कशावरून? अहो, मोजणारे तेच होते! दोन हजार तीन सालची गोष्ट. नकाशात वाट हजार मीटरच होती. पण बागेच्या मागच्या अंगाला एका वजनदार माणसाने कुंपण आत सरकवून घेतलं होतं. ते हलवायची कोणाची हिंमत नव्हती, म्हणून वाटच आतून वळवली. बांधून झाल्यावर गजाननरावांनी तीस मीटरची टेप धरून ती मोजली. सव्वीस टेपा आणि वर चार मीटर. त्यांनी दोनदा मोजली. मग माप-पुस्तक घेऊन मोठ्या साहेबांकडे गेले. साहेब फायलीवरून मान न उचलता म्हणाले, "सोनटक्के, चलने का ही तो रास्ता है। कौन नापने बैठा है? हज़ार लिखो और दस्तख़त करो।"

गजाननराव पाच मिनिटं उभे राहिले. मग हजार लिहिलं आणि सही केली. त्यात त्यांना एक कवडी मिळाली नाही, मागितलीही नाही. नुसतं साहेबांसमोर ‘नाही’ म्हणवलं नाही. त्या वेळी ते सरकारी क्वार्टरमध्ये राहत, शहराच्या दुसऱ्या टोकाला. पुढे घर बांधायला अवधपुरीत प्लॉट मिळाला तो नेमका त्या बागेच्या मागच्या गल्लीत. गृहप्रवेशाच्या दिवशी फाटकावरची पाटी बघून त्यांना कसंनुसं झालं, पण त्यांनी मनाची समजूत घातली. म्हातारे चालतात, चालू देत. कोणाचं काय बिघडतंय?

बिघडायला वीस वर्षं लागली.

बरं, सांगायची वेळ आली नव्हती का? आली की! दिवाळीत. रसिकाने आईला मनगटावरचं घड्याळ पाठवलं, धावलेलं अंतर सांगणारं. पहिल्याच सकाळी प्रमिलाबाई बागेतून तणतणत परत आल्या.

"हे बघा हो. दहा फेऱ्या मारल्या, दहा चिंचोके संपले, आणि हे म्हणतंय सात पॉइंट आठ! दोन किलोमीटर गिळले मेल्याने." त्यांनी रसिकाला फोन लावला. रसिका म्हणाली, "आई, घड्याळ इतकं चुकत नाही गं. पाटीच चुकली असेल."

"पाटी सरकारी आहे," बाई म्हणाल्या. "थांब, तुझ्या बाबांनाच विचारते. उगाच वाद नको." आणि फोन हातात धरूनच त्यांनी विचारलं, "अहो, घड्याळ खरं की पाटी खरी?"

गजाननराव पेपर वाचत होते. म्हणजे पेपर समोर होता. एक शब्द बोलले असते, ‘घड्याळ’, तर पुढचं सगळं टळलं असतं. अजून दोन महिने हातात होते. बाईंनी सराव बदलला असता, वेग वाढवला असता, नाहीतर ‘या वर्षी एकवीसच धावते’ म्हणाल्या असत्या. पण ‘घड्याळ’ म्हटल्यावर ती पुढे विचारणार, ‘मग पाटीवर हजार कोणी लिहिलं?’ आणि तिकडे फोनवर लेक ऐकत होती. लहानपणापासून जिने बापाच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला ती लेक.

"पाटी खरी," गजाननराव म्हणाले. "दाट झाडं आहेत तिथे. झाडांखाली या घड्याळांना उपग्रह सापडत नाही. मग ती तोडून तोडून मोजतात."

"ऐकलंस?" बाई फोनमध्ये म्हणाल्या. "तुझे बाबा इंजिनियर आहेत म्हटलं!" आणि घड्याळ काढून त्यांनी कपाटात ठेवून दिलं, साड्यांच्या खाली.

इतकं सफाईदार खोटं गजाननराव आयुष्यात पहिल्यांदा बोलले होते. माप-पुस्तकातलं निदान साहेबांनी सांगितलेलं होतं, हे त्यांचं स्वतःचं. वर आणखी एक केलं. बाई म्हणाल्या, एकदा मोठ्या रस्त्याने धावून बघू का, तर म्हणाले, "नको. कुत्री आहेत, डंपर आहेत. बाग बरी." काळजीच वाटली ती बाईंना. त्या खूश झाल्या.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी प्रमिलाबाईंनी छातीवर लावायचा नंबर पलंगावर पसरला, चार कोपऱ्यांना चार पिना टोचून ठेवल्या, आणि देवापुढे दिवा लावून आल्या. मग विचारलं, "अहो, होईल ना माझं?"

गजाननरावांनी एव्हाना गणित दहा वेळा करून पाहिलं होतं. बत्तीस फेऱ्या म्हणजे पंचवीस किलोमीटर. सव्वाआठ मिनिटांत सातशे चौऱ्याऐंशी म्हणजे बेचाळीसला सात तासांच्या वर. कसंही फिरवा, उत्तर तेच.

"होईल," ते म्हणाले. "न व्हायला काय झालं?"

जानेवारीची थंडी, तलावावर धुकं. साडेपाचला शर्यत सुटली. गजाननराव स्कूटरवरून बत्तीसच्या खांबाशी जाऊन उभे राहिले. बरोबर लिंबू-सरबताची बाटली आणि गूळ-शेंगदाण्याची डबी. नवाच्या सुमाराला तरणीताठी पोरं गेली. मग मधल्या वयाची माणसं गेली, कोणी लंगडत, कोणी देवाचं नाव घेत. सव्वादहा. साडेदहा. शिट्टी वाजली, दोन पोरांनी रस्त्यावर दोरी धरली आणि बस बाजूला येऊन थांबली. गजाननराव मनात म्हणत होते, कोणास ठाऊक, कदाचित, कदाचित. ज्या माणसाला आयुष्यभर ‘अंदाजे’ चाललं नाही तो त्या दिवशी ‘कदाचित’ला लटकून उभा होता.

दहा वाजून बावन्न मिनिटांनी प्रमिलाबाई आल्या. चेहरा लालबुंद, ओठ फुटलेले, एक पाय फरफटत. पण पळत होत्या. चालत नव्हत्या, पळत होत्या! दोरी बघून त्यांना आधी कळेचना.

"आंटीजी, आपका समय हो गया," नंबर तपासणारी मुलगी हळूच म्हणाली. बिचारीचा आवाज मऊ होता. "बाईस मिनट ऊपर हो गए। बस में बैठ जाइए।"

"असं कसं?" बाई मराठीतच बोलल्या, मग हिंदीत. "नहीं बेटा, कुछ गड़बड़ है। बत्तीस किलोमीटर मैं साढ़े चार घंटे में करती हूँ। मुझे पता है ना! आपके खंभे ग़लत लगे हैं।" आणि तेवढ्यात त्यांना गजाननराव दिसले. चेहऱ्यावर जीव आला. "ये मेरे पति हैं। इंजीनियर हैं। इनसे पूछ लीजिए! अहो, सांगा ना हिला, मी किती वेळात धावते!"

मुलीने त्यांच्याकडे बघितलं. दोरीवाल्या पोरांनी बघितलं. बसमध्ये बसलेल्या चार थकलेल्या माणसांनीही बघितलं.

"हाँ," गजाननराव म्हणाले. "करती हैं।"

"अंकलजी, लेकिन घड़ी तो यही बता रही है," मुलगी म्हणाली आणि तिने बाईंच्या छातीवरच्या नंबरवर काळ्या पेनाने एक आडवी रेघ ओढली.

बाईंनी रेघेकडे पाहिलं. मग गजाननरावांच्या हातातली बाटली न घेताच त्या बसची पायरी चढल्या. पाय उचलेना, हाताने गुडघा उचलून ठेवावा लागला. त्या दिवशी ती बाई जन्मात धावली नव्हती इतकं लांब धावली होती. बागेतल्यापेक्षा तब्बल सात किलोमीटर जास्त! आणि तिला वाटत होतं की आपण कमी पडलो. सांगणारा माणूस तीन हातांवर सरबताची बाटली धरून उभा होता.

घरी आल्यावर त्या रडल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "माझ्यातच दम नव्हता. बागेत आपलं सोपं वाटतं, खऱ्या ठिकाणी माणूस उघडं पडतं." गजाननराव म्हणाले, "जाऊ दे गं, वय झालं आता." हे बोलायला नको होतं. पण बोलले.

त्यावर आणखी एक व्हायचं होतं. कॉलनीतल्या मराठी बायकांनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्रमिलाबाईंचा सत्कार ठरवला होता, आधीच. शाल आणलेली, नारळ आणलेला. बाई गेल्या. सगळ्यांसमोर उभं राहून म्हणाल्या, "माझं झालं नाही. सत्कार कशाचा करता?" मीना म्हणून शेजारीण आहे, ती मायेने म्हणाली, "अहो, भाग घेतलात तेच खूप झालं." बाईंनी तिळगूळ घेतला, वाण घेतलं आणि शाल तिथेच खुर्चीवर ठेवून परत आल्या. दुसऱ्या दिवशी बूट धुऊन, वाळवून, कागदात गुंडाळून माळ्यावर टाकले.

गजाननराव दोन-तीनदा बोलायला गेले. एकदा चहाच्या वेळी ‘मी काय म्हणतो’ इथपर्यंत आले आणि ‘साखर कमी आहे’ म्हणून गप्प बसले. असल्या माणसाला काय म्हणायचं?

फेब्रुवारीत साड्या काढताना प्रमिलाबाईंच्या हाताला ते घड्याळ लागलं. सहज म्हणून मनगटावर बांधलं आणि भाजी आणायला मोठ्या रस्त्याने गेल्या. तिथे सडकेच्या कडेला किलोमीटरचे दगड आहेत. एका दगडापाशी घड्याळ चालू केलं आणि पुढच्या दगडापाशी बघितलं, तर बरोबर एक. परत येताना पुन्हा बघितलं, पुन्हा एक. दुसऱ्या दिवशी बागेत एक फेरी मारली. पॉइंट अठ्ठ्याहत्तर. फेब्रुवारीत पानगळ होऊन झाडं खराटा झालेली, उपग्रहाला आड यायला पानसुद्धा नव्हतं.

घरी येऊन त्या स्टूल घेऊन माळ्यावर चढल्या आणि गजाननरावांची जुनी टेप खाली काढली, तीस मीटरची, चामड्याच्या डबीतली. डोळे चमकत होते. कितीतरी दिवसांनी चमकत होते.

"चला," त्या म्हणाल्या. "पाटी खोटी आहे. कोण्या गाढवाने भलतंच माप लिहून ठेवलंय. तुम्हालासुद्धा फसवलं हो त्यांनी! चला, आपण मोजू, आणि हे छापून आणू पेपरात. माझ्यात दम नव्हता असं नाही!"

"तुम्हालासुद्धा फसवलं." गजाननरावांच्या कानात ते शब्द शिशासारखे उतरले. पण पायांत चपला सरकवून ते मागोमाग गेले. दुसरं काय करणार होते?

सकाळचं कोवळं ऊन होतं. पाटीपासून सुरुवात केली. प्रमिलाबाई डबी घेऊन पुढे, गजाननराव शून्याचं टोक धरून मागे. टेप ताणली की बाई खाली वाकून खुणेला एक चिंचोका ठेवायच्या. गजाननराव तिथपर्यंत पोचले की तो उचलून मुठीत घ्यायचे आणि टोक तिथे दाबायचे. छत्तीस वर्षं याच रीतीने मोजलं होतं, तेव्हा चिंचोक्यांच्या जागी लोखंडी सळ्या असायच्या एवढंच. वळणावर ते सवयीने म्हणालेसुद्धा, "आतल्या कडेने धर, ढिली सोडू नकोस." दहा टेपा झाल्या. वीस झाल्या. मागच्या कुंपणाशी वाट आत वळली तिथे ते खाली मान घालूनच पुढे सरकले. बाकावरचे म्हातारे कौतुकाने बघत होते. सव्विसावा चिंचोका त्यांनी उचलला, त्या जागी टोक दाबलं, आणि समोर बघितलं तर बाई पाटीशी पोचलेल्या.

बाई वाकून टेपवरचा आकडा बघत होत्या. चष्मा घरी राहिला होता. डोळे बारीक करून म्हणाल्या, "थांबा हं, किती आहे ते नीट दिसत नाही..."

"चार," गजाननराव म्हणाले. "चार मीटर. एकूण सातशे चौऱ्याऐंशी."

बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

प्रमिलाबाईंनी मान वर केली. नवरा पलीकडच्या टोकाला उकिडवा बसलेला, मुठीत चिंचोके. त्यांनी टेप डोळ्यांजवळ नेली. चार होतं. बरोबर चार.

"तिथून दिसलं तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

गजाननरावांनी हातातलं टेपचं टोक सोडून दिलं.

"कधीपासून माहीत आहे?"

"दोन हजार तीन."

"कोणी मोजली होती?"

"मीच."

"आणि हजार कोणी लिहिलं?"

"मीच. पण तेव्हा साहेबांनी..."

"साहेबांचं राहू द्या." बाईंचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "घड्याळ खरं की पाटी खरी, असं मी विचारलं, तेव्हा घरात साहेब होते का?"

गजाननराव उठायला गेले. मुठीतले दोन-चार चिंचोके खाली सांडले. बाई टेप गुंडाळायला लागल्या. पुसत पुसत, नीट, गजाननरावांनीच एकेकाळी शिकवलं होतं तसं. डबी मिटून त्यांनी नवऱ्याच्या शेजारी फरशीवर ठेवली.

"त्या पोरीसमोर मी तुम्हाला साक्षीला उभं केलं हो," एवढंच म्हणाल्या, आणि फाटकातून निघून गेल्या.

भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं, असं गजाननरावांना अजून वाटतं. जेवायला ताट वेळेवर येतं, औषधाची आठवण केली जाते, रसिकाचा फोन आला की ‘घे, बाबांशी बोल’ म्हणून हातात दिला जातो. तिला आईने काही सांगितलेलं नाही. बूट माळ्यावरून खाली आलेत. प्रमिलाबाई आता मोठ्या रस्त्याने धावतात, दगड ते दगड, मनगटाला घड्याळ. किती धावल्या, कुठवर गेल्या, ते गजाननरावांना कळत नाही. पुढच्या जानेवारीसाठी त्यांनी नाव दिलंय, हे त्यांना मीनाकडून कळलं.

मागच्या महिन्यात पुढच्या खोलीला पडदे करायचे होते. गजाननराव सकाळीच टेप घेऊन खिडकीशी तयार उभे राहिले. दहा वाजता बेल वाजली. प्रमिलाबाईंनी पडद्याच्या दुकानातला माणूस बोलावला होता, माप घ्यायला. त्याने आपली प्लास्टिकची पट्टी खिडकीला लावली आणि आकडा सांगितला.

"एक इंच कम लिया है," गजाननराव म्हणाले. "ऊपर की छड़ से नापो।"

माणसाने बाईंकडे बघितलं.

"भैया, आपने जो नापा है वही लिखो," प्रमिलाबाई म्हणाल्या.

पडदे एक इंच आखूड आले. तसेच लावलेत.